2 जुलै 1776 आणि दोन रिकाम्या खुर्च्या: जॉन डिकिन्सनचं प्रकरण

प्रकरण अभ्यास लिहिताना सहसा नावं बदलतात, पण इथला माणूस 1808 मध्ये वारला आणि त्याचं सगळं सार्वजनिक आयुष्य कागदोपत्री आहे, त्यामुळे नावं खरीच ठेवतोय. जॉन डिकिन्सन. पेशाने वकील, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या दोन्ही वसाहतींच्या सभागृहांत निवडून आलेला, आणि इंग्लंडच्या पार्लमेंटशी भांडताना अमेरिकन वसाहतींनी जे अर्ज, ठराव, निषेध लिहिले त्यातले बरेचसे ज्याच्या हातचे. तरीही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याखाली ज्या 56 सह्या आहेत त्यात याची सही नाही.

1 जुलै 1776 ला तो काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, उभा राहून स्वातंत्र्याच्या ठरावाविरुद्ध बोलला. दुसऱ्या दिवशी मतदानाला तो जागेवर नव्हता, आणि त्यामुळे त्याच्या वसाहतीचं, पेनसिल्व्हेनियाचं, मत विरोधातून ठरावाच्या बाजूने गेलं. आणि त्याच महिन्यात तो पलटण घेऊन इंग्रजांसमोर जाऊन उभा राहिला, म्हणजे ज्या ठरावाला विरोध केला तो टिकवायलाच. हे तिन्ही एकाच माणसाने एकाच महिन्यात केलं आणि मला तरी त्यात कुठे विसंगती दिसत नाही, का ते सांगतो.

पार्श्वभूमी

जन्म 1732, मेरीलँडमध्ये, मळेवाल्यांचं श्रीमंत घर, वातावरण क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचं. वडील सॅम्युएल पुढे डेलावेअरमध्ये डोव्हरजवळ येऊन राहिले आणि तिथे न्यायाधीश झाले. शेती गुलामांच्या कष्टावर चालायची, हे झाकून ठेवण्यासारखं नाही, त्यावर पुढे येतोच. मुलाने फिलाडेल्फियात एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि 1753 ला तो लंडनला मिडल टेंपलमध्ये शिकायला गेला. बाबासाहेब ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले त्याचंच हे भावंड म्हणायचं, लंडनच्या चार इनपैकी एक. तिथे असताना 1754 ची पार्लमेंटची निवडणूक त्याने जवळून पाहिली, मतांची उघड खरेदी बघून तो हादरला आणि घरी पत्रात तसं लिहिलं. 1757 ला परत येऊन वकिली सुरू केली आणि तीन वर्षांत डेलावेअरच्या सभागृहाचा स्पीकर झाला.

या माणसाचा स्वभाव समजायचा तर 1764 ची गोष्ट आधी बघायला हवी. पेनसिल्व्हेनिया ही तेव्हा पेन घराण्याच्या मालकीची वसाहत, आणि हे मालक आपल्या जमिनीवर कर द्यायला खळखळ करायचे. बेंजामिन फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे यांनी टूम काढली की मालकच नकोत, थेट राजाच्या ताब्यात जाऊ. सभागृहात हवा पूर्ण त्यांच्या बाजूने. डिकिन्सनलाही पेन घराण्याचं प्रेम नव्हतं, पण तो उठून म्हणाला की आपल्या सनदेत जे हक्क आहेत ते राजाकडे गेल्यावर राहतीलच याची हमी कुणी दिलीय, ती आधी घ्या आणि मग काय ते करा. लोक चिडले, पुढच्या वर्षी त्याची जागाही गेली. पण आपल्याकडे म्हणतात ना, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, तोच त्याचा मुद्दा होता. 1776 मध्येही तो हेच बोलला, फक्त तेव्हा पणाला बरंच जास्त लागलं होतं.

1765 ला स्टँप अ‍ॅक्टच्या, म्हणजे छापील कागदांवर कर लावणाऱ्या पार्लमेंटच्या कायद्याच्या, विरोधात न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले तेव्हा हक्कांचा जाहीरनामा मुख्यतः त्याने लिहिला. मग आयात मालावर लावलेल्या 1767 च्या टाउनशेंड करांवर त्याने ‘पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याची पत्रं’ या नावाने बारा पत्रं लिहिली. ती बहुतेक सगळ्या वसाहतींच्या वर्तमानपत्रांत छापून आली, पुस्तक निघालं, लंडन-पॅरिसपर्यंत गेलं. मुद्दा पक्का वकिली होता. व्यापाराला शिस्त लावायला पार्लमेंट जकात लावू शकतं, पण पैसा गोळा करायचा म्हणून लावलेली जकात म्हणजे करच, आणि आमचे प्रतिनिधी जिथे बसत नाहीत त्या सभागृहाने आम्हाला कर लावायचा नाही. रक्कम किती किरकोळ आहे याला अर्थ नाही, एकदा पायंडा पडला की पडला.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट, जी मला कुठल्याही शाळेच्या पुस्तकात भेटली नाही. 1773 ला ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत उतरवायची वेळ आली तेव्हा डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्र छापलं, आणि त्यात बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला. त्याने लिहिलं की या कंपनीने आशियात लढाया लावल्या, राजे गादीवरून खाली ओढले, आणि एका वर्षात पंधरा लाख माणसं उपाशी मेली असं ऐकतो, ती जमीन पिकली नाही म्हणून नव्हे तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी धान्य दाबून भाव इतके चढवले की गरिबाला घेताच आलं नाही. फिलाडेल्फियात बसलेला वकील बंगालच्या उपाशी माणसाचा दाखला देऊन आपल्या लोकांना सांगतोय की उद्या तुमच्यावरही हीच वेळ येईल. पुढे 1 मार्च 1776 ला याच कंपनीचा कर्नल अप्टन पुरंदरावर पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी तह करत होता, आणि तेव्हा डिकिन्सन काँग्रेसमध्ये बसून इंग्लंडशी तडजोडीची काही वाट उरलीय का ते चाचपत होता. एकच सत्ता आणि दोन टोकांना तिच्याशी वाटाघाटी करणारी माणसं.

अडचण काय होती

एप्रिल 1775 ला मॅसॅच्युसेट्समध्ये गोळीबार झाला आणि लढाई पेटली. काँग्रेसने त्या जुलैमध्ये एकाच आठवड्यात दोन कागद काढले, एक शस्त्रं का उचलली याचं निवेदन आणि दुसरा राजाला शेवटचा विनंतीअर्ज, आणि दोन्हींवर डिकिन्सनचा हात आहे. निवेदनाचा पहिला मसुदा व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसनचा, तो डिकिन्सनने बराचसा नव्याने लिहिला. म्हणजे हा लढायला घाबरणारा माणूस नव्हता. तो स्वतः फिलाडेल्फियाच्या पहिल्या बटालियनचा कर्नल होता.

पण मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधी जॉन अ‍ॅडम्स, त्याला हा विनंतीअर्जाचा प्रकार बिलकुल पटला नव्हता. त्याने एका मित्राला पत्र लिहून डिकिन्सनला मोठ्या इस्टेटीचा आणि किरकोळ बुद्धीचा माणूस म्हटलं. पत्र वाटेत इंग्रजांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते छापून टाकलं. सप्टेंबरमध्ये चेस्टनट स्ट्रीटवर दोघं समोरासमोर आले, अ‍ॅडम्सने टोपी काढून वाकून नमस्कार केला, डिकिन्सन मान न हलवता शेजारून निघून गेला. अ‍ॅडम्सनेच हे डायरीत लिहून ठेवलंय. माझ्या मते या प्रकरणातलं पहिलं नुकसान इथे झालं, कारण यानंतर या दोघांचं एकमेकांशी बोलणंच संपलं आणि पुढच्या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त बोलायला हवं होतं ते या दोघांनीच.

राजाने अर्ज हातातही घेतला नाही, उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. तरी नोव्हेंबर 1775 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सभागृहाने आपल्या प्रतिनिधींना लेखी बजावलं की वेगळं होण्याच्या कुठल्याही प्रस्तावाला नकार द्यायचा. या सूचना लिहिणारा डिकिन्सनच.

7 जून 1776 ला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने ठराव मांडला की या वसाहती स्वतंत्र आहेत. निर्णय 1 जुलैपर्यंत पुढे ढकलला आणि तोवर तीन समित्या नेमल्या, एक जाहीरनाम्याचा मसुदा करायला, दुसरी वसाहतींचा आपसातला संघ कसा असावा ते लिहायला, तिसरी परदेशांशी करायच्या तहांसाठी. डिकिन्सन यातल्या शेवटच्या दोन्ही समित्यांवर होता आणि संघाचा मसुदा तर त्यानेच लिहिला. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या सभागृहाने जुन्या सूचना मागे घेऊन प्रतिनिधींना मोकळं केलं, त्या नव्या सूचना लिहिणाऱ्या समितीवरही तो होताच. म्हणजे दार त्यानेच उघडलं, फक्त आपण स्वतः आत्ता त्यातून जायचं नाही असं ठरवून.

अडचण अशी की मत माणसाचं नव्हतं, वसाहतीचं होतं. प्रत्येक वसाहतीला एक मत, आणि आतल्या प्रतिनिधींत बहुमत ज्या बाजूला ती वसाहत त्या बाजूला. पेनसिल्व्हेनियाचे सात जण. फ्रँकलिन, जेम्स विल्सन आणि जॉन मॉर्टन बाजूने, आणि डिकिन्सन, रॉबर्ट मॉरिस, थॉमस विलिंग, चार्ल्स हम्फ्रीज विरोधात. चार विरुद्ध तीन.

1 जुलैचं भाषण

डिकिन्सनची भाषणाची टिपणं शिल्लक आहेत त्यामुळे तो काय बोलला हे बऱ्यापैकी कळतं. सुरुवातीलाच तो म्हणाला की आजच्या माझ्या वागण्याने माझ्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसेल हे मला माहीत आहे. हे नाटक नव्हतं, खरोखरच तसं झालं.

मुद्दे साधे होते. फ्रान्स मदत करेल असं आपण धरून चाललोय पण तहाचा एक कागद हातात नाही. आपसातला संघ ठरलेला नाही, उद्या हद्दींवरून, पश्चिमेच्या जमिनींवरून आपणच भांडलो तर काय. इंग्रजांचं आरमार न्यूयॉर्कच्या दारात येऊन ठेपलंय आणि आपली तयारी दयनीय आहे. आधी परदेशांशी ठरवा, आधी एकमेकांशी ठरवा, मग जाहीर करा. त्याने म्हटलं की आत्ता जाहीर करणं म्हणजे कागदाच्या होडीत बसून वादळात शिरणं. आणि अजून एक दाखला दिला, थंडीच्या दिवसांत, पोराबाळांचं लहान कुटुंब घेऊन, दुसरं घर मिळायच्या आधी राहतं घर पाडायचं, मग शेजाऱ्याकडे आसरा मागायला जायचं आणि बघायचं तर शेजाऱ्याचीच तयारी नाही.

हे वाचताना मला हा माणूस भित्रा अजिबात वाटत नाही. कोर्टकज्जे बघितलेला वकील जसा पक्षकाराला सांगतो की नोटीस पाठवायच्या आधी कागद गोळा करा, तसा तो बोलतोय. उत्तर द्यायला अ‍ॅडम्स उठला, आणि न्यू जर्सीचे नवे प्रतिनिधी उशिरा पोचले म्हणून त्यांच्यासाठी सगळे मुद्दे पुन्हा मांडावे लागले. नंतर अ‍ॅडम्सने एवढं मात्र मान्य केलं की डिकिन्सन हुशारीने आणि प्रभावी बोलला, शिवाय तितकाच सभ्यपणे आणि मोकळेपणाने.

संध्याकाळच्या मतात नऊ वसाहती बाजूने, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरोधात, डेलावेअरचे हजर दोघं एक एक असे फुटलेले, आणि न्यूयॉर्कला घरून परवानगी नव्हती म्हणून ते गप्प. साउथ कॅरोलायनाच्या रटलेजने विनंती केली की अंतिम मत उद्यावर टाका.

रात्रीतले पर्याय

इथे जरा थांबायला हवं, कारण ठराव तसाही नऊ मतांवर पास होणारच होता. प्रश्न ठरावाचा नव्हता, तो कसा पास होतो याचा होता. काँग्रेस बसायची ती फिलाडेल्फियात, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्याच घरात, आणि ही वसाहत नकाशावर बरोबर मधोमध. तिने नाही म्हटलं असतं तर उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये एक न जुळलेला तुकडा राहिला असता, आणि इंग्रजांना त्याचं किती अप्रूप वाटलं असतं हे सांगायला नको.

डिकिन्सनपुढे चार वाटा होत्या असं मला दिसतं. सरळ वाट म्हणजे पुन्हा विरोधात मत द्यायचं, मनात जे आहे ते हातातही. प्रामाणिक आहे, पण मग आपल्या एका मतामुळे सगळ्या वसाहतीचं मत विरोधात जातं आणि एकजूट मोडते, जी नसली तर हा डाव बुडेल हे तोच आदल्या दिवशी सांगत होता. दुसरी वाट म्हणजे मत फिरवायचं आणि हो म्हणायचं. त्याने लोकप्रियता परत आली असती, पण चोवीस तासांपूर्वी भर सभेत जे बोललो ते खोटं होतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं. तिसरी, राजीनामा देऊन बाहेर पडायचं आणि लोकांत जाऊन विरोध चालू ठेवायचा, म्हणजे शत्रू दारात असताना घरात दुफळी. आणि चौथी म्हणजे मतदानाच्या वेळी नसायचं.

घरचं दडपणही होतं म्हणतात. अ‍ॅडम्सने पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिलंय की क्वेकर मंडळींनी डिकिन्सनच्या आईला आणि बायकोला इतकं घाबरवलं होतं की आई त्याला म्हणायची, जॉनी, तुला फाशी देतील, इस्टेट जप्त होईल, बायको विधवा होईल आणि पोरं अनाथ भिकारी. आईने असं म्हटलं असेलही, कुठलीही आई म्हणेल, पण नुसत्या आईच्या धाकाने वागणारा माणूस आठवड्याभरात शत्रूसमोर उभं राहायला पलटण घेऊन निघत नाही, त्यामुळे मी या कथेला फार वजन देत नाही.

2 जुलै: काय केलं

सकाळी डेलावेअरचा सीझर रॉडनी रात्रभर पावसात आणि गडगडाटात घोडा दौडवत, साधारण 130 किलोमीटर कापून, पोचला आणि डेलावेअरची बरोबरी सुटली. साउथ कॅरोलायना वळली. आणि पेनसिल्व्हेनियाच्या रांगेत डिकिन्सन आणि मॉरिस जागेवर नव्हते. उरले पाच, तीन विरुद्ध दोन, वसाहत बाजूने. बारा वसाहती हो, विरोधात एकही नाही, न्यूयॉर्कने आठवड्याने होकार कळवला.

विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी कोण गैरहजर राहिलं आणि बहुमताचा आकडा कुठे आला हे हिशेब आपल्याकडे आता चहाच्या टपरीवरही करतात, त्यामुळे मराठी माणसाला हे गणित समजवायची गरज नाही. पण फरक बघा. आपल्याला माहीत असलेली गैरहजेरी बहुतेकदा कुणाच्या तरी सोयीची असते, नंतर त्या माणसाला काहीतरी मिळतं. सभात्याग असेल तर तो ओरडून, फलक दाखवून, कॅमेऱ्यासमोर. डिकिन्सनने यातलं काहीच केलं नाही, घोषणा नाही की निवेदन नाही, आणि मिळण्याचं म्हणाल तर त्याचं होतं ते गेलं. त्याने आपला विरोध मागे घेतला नाही, फक्त त्या विरोधाला इतरांच्या वाटेतला धोंडा होऊ दिलं नाही. मला संसदीय कामाच्या इतिहासात इतकी नेमकी कृती फारशी माहीत नाही, आणि तिच्याबद्दल इतकं कमी बोललं जातं याचं मनापासून वाईट वाटतं.

आणि मग तो आपल्या बटालियनसोबत न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला गेला, समोरच स्टेटन आयलंडवर इंग्रज उतरलेले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या मंडळींपैकी फार थोडे त्या महिन्यात बंदुकीच्या टप्प्यात होते.

नंतर काय झालं

लगेचचं फळ वाईट. 20 जुलैला पेनसिल्व्हेनियाने नवे प्रतिनिधी निवडले, त्यात डिकिन्सन, विलिंग, हम्फ्रीज नाहीत. मॉरिसला मात्र ठेवलं. सैन्यातही त्याला डावलून दुसऱ्यांना ब्रिगेडियर केलं आणि सप्टेंबरअखेर त्याने कर्नलपद सोडलं. डेलावेअरने काँग्रेसमध्ये पाठवायचं म्हटलं तर नको म्हणाला. डिसेंबरमध्ये इंग्रज न्यू जर्सीतून फिलाडेल्फियाकडे सरकत असताना त्याने भावाला चिठ्ठी लिहिली की काँग्रेसच्या कागदी नोटा आता कर्जफेडीत घेऊ नकोस, ती चिठ्ठी पकडली गेली आणि लोकांना म्हणायला निमित्त मिळालं की बघा, याचा विश्वासच नव्हता. हे त्याचं चुकलंच, घरच्या पैशाची काळजी समजू शकतो पण चलनाला ज्या देशाची पत आहे त्या देशाचा तो कालपर्यंत कर्नल होता.

दुसरीकडे, 1777 मध्ये हाच माणूस डेलावेअरच्या मिलिशियात (नागरिकांच्या सैन्यात) साधा शिपाई म्हणून उभा राहिला. कर्नल होता तो बंदूक घेऊन रांगेत. त्याच नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फियाजवळचं त्याच्या सासरचं फेअरहिल हे घर जाळलं. आणि त्याच वर्षी त्याने आपल्या गुलामांना अटी घालून मुक्त केलं, 1786 पर्यंत बिनशर्त. उशीर झाला हे खरं, अटी घातल्या हेही खरं, पण त्याच्या बरोबरीच्या, त्याच्याइतकी इस्टेट असलेल्या फार कमी लोकांनी जिवंतपणी हे केलं.

आता त्याचे 1 जुलैचे अंदाज तपासू. फ्रान्सचा तह झाला 6 फेब्रुवारी 1778 ला, म्हणजे जाहीरनाम्यानंतर एकोणीस महिन्यांनी, आणि मधल्या काळात लाँग आयलंडची लढाई गेली, न्यूयॉर्क गेलं, सप्टेंबर 1777 मध्ये फिलाडेल्फियाही गेलं. संघाचा करार, ज्याचा पहिला मसुदा त्याचा होता, तो काँग्रेसने नोव्हेंबर 1777 मध्ये संमत केला आणि सगळ्या राज्यांनी मान्य करेपर्यंत 1 मार्च 1781 उजाडला, अडलं कशावरून तर पश्चिमेच्या जमिनींवरून. डिकिन्सनने हाच मुद्दा मांडला होता. त्याच्या मसुद्यात धर्मस्वातंत्र्याचं एक कलम होतं, कुठल्याही पुरुषाला किंवा स्त्रीला तिच्या श्रद्धेवरून त्रास देता येणार नाही असं, तेही काँग्रेसने काढून टाकलं.

पण तो चुकला तेही सांगायला हवं. कागदाची होडी बुडली नाही. आणि फ्रान्सबद्दलचा त्याचा क्रम उलटा होता, फ्रान्सला इंग्लंडची घरगुती भांडणं सोडवण्यात काही रस नव्हता, वसाहती खरंच तुटल्यात हे जाहीर झाल्याशिवाय तो उघड तह करणारच नव्हता. म्हणजे आधी तह मग जाहीरनामा हे वकिलाच्या कागदावर बरोबर आणि राजकारणात अशक्य. अ‍ॅडम्सला हे दिसलं होतं, डिकिन्सनला नाही.

लोक त्याला कायमचे विसरले असं मात्र नाही. 1781 ला तो डेलावेअरचा अध्यक्ष, म्हणजे राज्याचा प्रमुख, झाला, 1782 ला पेनसिल्व्हेनियाचा, ज्या राज्याने सहा वर्षांपूर्वी त्याला काढलं होतं. तेव्हा पुन्हा जुनं उकरून काढलं गेलं आणि 1783 मध्ये त्याने वर्तमानपत्रात उत्तर दिलं की मी स्वातंत्र्याला नव्हे, ते जाहीर करण्याच्या त्या वेळेला विरोध केला होता. 1786 ला अ‍ॅनापोलिसच्या बैठकीचा तो अध्यक्ष होता, तिथूनच पुढे 1787 च्या घटना परिषदेची वाट निघाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात पहिलं म्हणजे अ‍ॅडम्सशी अबोला. अपमान झाला होता, छापून झाला होता, राग येणारच. पण समोरच्याने भर रस्त्यात टोपी काढली होती. तिथे चार शब्द बोलला असता तर कदाचित वसंत ऋतूत दोघं बसून तहाचा आणि जाहीरनाम्याचा क्रम जुळवू शकले असते, तारखा थोड्या पुढेमागे करू शकले असते. पुढे जूनमध्ये दोघं तहांच्या समितीवर एकत्र होतेच, पण तोवर मनं घट्ट झालेली.

दुसरं, संघाचा मसुदा. आधी संघ, मग स्वातंत्र्य असं म्हणणाऱ्याच्याच हातात संघाचं काम 12 जूनला आलं. तो मसुदा काँग्रेसपुढे आला 12 जुलैला, तेव्हा डिकिन्सन सभागृहातून गेलेला. तीन आठवड्यांत तेरा वसाहतींचा संघ बांधणं सोपं नव्हतं हे मान्य, पण 1 जुलैच्या भाषणात जर तो नुसतं थांबा म्हणण्याऐवजी कागद टेबलावर ठेवून हे आधी संमत करा म्हणाला असता तर त्याच्या मागणीला तारीख आली असती. थांबा या शब्दाला तारीख नसली की लोकांना तो कायमचा नकार वाटतो.

तिसरं, गप्प बसणं. 2 जुलैला न येणं बरोबर होतं, पण त्यामागचं कारण त्याने तेव्हाच दोन ओळींत लिहून दिलं असतं तर सात वर्षांनी वर्तमानपत्रात सफाई द्यायची वेळ आली नसती. त्याच्या स्वभावात ते बसत नव्हतं. वकील लोक दुसऱ्याची बाजू सांगण्यात आयुष्य घालवतात आणि स्वतःची सांगायची वेळ आली की अडखळतात, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय.

आणि चौथा मुद्दा सहीचा. यावर माझं मत अजून डळमळतं. रॉबर्ट मॉरिसने अगदी तेच केलं जे डिकिन्सनने केलं, 2 जुलैला जागेवर नव्हता, पण नंतर त्याने जाहीरनाम्यावर सही केली आणि एका मित्राला लिहिलं की आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून देशाची सेवा सोडणारा वाईट नागरिक, पुढे होता येत नसेल तर चांगल्या माणसाने मागून चालावं. डिकिन्सनही मागून चाललाच, उलट जास्त जवळून, पण कागदावर नाही. 2 ऑगस्टला मुख्य सह्या झाल्या तेव्हा तो प्रतिनिधीच नव्हता हे खरं आहे. तसं तर ज्यांनी 2 जुलैला मत दिलंच नव्हतं, 20 जुलैला निवडून आले, त्या बेंजामिन रशसारख्यांच्या सह्या खाली आहेत. डेलावेअरच्या जॉर्ज रीडने तर 2 जुलैला चक्क विरोधात मत दिलं होतं, तरी ऑगस्टमध्ये सही केली आणि कुणी त्याला त्यावरून छळलं नाही.

1787 ला डिकिन्सन डेलावेअरचा प्रतिनिधी म्हणून फिलाडेल्फियात घटना परिषदेला पुन्हा त्याच इमारतीत बसला. लहान राज्यांची बाजू त्याने लावून धरली, सेनेटचे सभासद राज्यांच्या सभागृहांनी निवडावेत हा प्रस्ताव त्याचा. शेवटी तब्येत बिघडली आणि सह्यांच्या आधी त्याला घरी जावं लागलं. जाताना त्याने आपल्या जागी सही करायचा अधिकार एका सहकाऱ्याला लिहून दिला, त्यामुळे राज्यघटनेखाली जॉन डिकिन्सन हे नाव आहे. अक्षर मात्र जॉर्ज रीडचं आहे.